काशीयात्रा, औषधांची पिशवी आणि दुष्परिणामांवर नजर

आई-वडिलांना काशीला न्यायचं ठरलं की तिकिटं, धर्मशाळा आणि गुरुजी यांची चर्चा घरात महिनाभर चालते. औषधांचा विषय निघतो तो आदल्या रात्री, आणि तोही ‘गोळ्या घेतल्या ना?’ एवढ्यावर संपतो. मग परतल्यावर वाचकांचे प्रश्न येतात. श्राद्धाला बसलेल्या बाबांना दरदरून घाम का फुटला? जुलाबावर दुकानदाराने दिलेल्या गोळीनंतर नाकातून रक्त कसं आलं? इंजेक्शननंतर अंगावर पुरळ उठलं, ते सांगायचं कुणाला? वाराणसीच्या दवाखान्याने कागद दिले नाहीत, तर तक्रार करायला पुन्हा तिथे जायचं का?

या प्रश्नांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते. बहुतेक वेळा चुकीचं औषध पोटात गेलेलंच नसतं. औषध आणि मात्रा वर्षानुवर्षांचीच असते, पण जेवणाची वेळ, पाणी, झोप, ऊन आणि पायऱ्यांची चढउतार हे सगळं एकदम बदललेलं असतं. घरी मुकाट चालणारी गोळी प्रवासात वेगळी वागते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लक्ष ठेवणं हे कुणा एकाचं काम ठरलेलं नसतं. म्हणून पहिलं काम हे करा: सोबतच्या मंडळींपैकी एकावर औषधांची जबाबदारी टाका. ती व्यक्ती शक्यतो स्वतः रुग्ण नसावी.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट भागात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शहराची ओळख करून द्यायला नको. त्यांनी थेट रुग्णालयाच्या भागाकडे वळलं तरी चालेल.

निघण्याआधी डॉक्टरांना काय विचाराल

‘आम्ही काशीला चाललोय, चालेल ना?’ असं विचारलंत तर ‘जाऊन या’ हेच उत्तर मिळणार. प्रश्न नेमके विचारा आणि उत्तरं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

- विधीमुळे जेवायला दुपार झाली तर साखरेची गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं?
- जुलाब-उलट्या झाल्या आणि पोटात पाणी टिकेना, तर कोणती औषधं थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची?
- अंग दुखलं तर कोणती वेदनाशामक गोळी चालेल आणि कोणती अजिबात नको?
- एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायचे की चुकलेला सोडून द्यायचा? (बहुतेक औषधांत दुप्पट घ्यायचं नसतं.)
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी रक्ततपासणी करायची का?

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. प्रवासात डबा दुसऱ्या कुणी लावला आणि ती रोज पोटात गेली, तर तोंड सोलवटणं, रक्तपेशी घटणं आणि पुढे जिवावर बेतणं, इथपर्यंत प्रकरण जातं. ज्या वारी घ्यायची त्या वाराचं नाव पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.

पिशवी कशी भराल

मूळ पाकिटांतून गोळ्या काढून प्लास्टिकच्या डबीत एकत्र करू नका. औषधाचं नाव, मात्रा, बॅच क्रमांक आणि मुदत हे सगळं पाकिटावर असतं. पट्टी कापून नेली की त्यातलं निम्मं कात्रीसोबत जातं. सकाळ-दुपार-रात्र अशा खणांचा डबा वापरत असाल तर वापरा, पण मूळ पट्ट्याही बरोबर असू द्या.

साठा दोन ठिकाणी विभागून ठेवा, कारण महानगरी एक्सप्रेसने मुंबईहून वाराणसीला जायला चोवीस तासांहून अधिक लागतात आणि एवढ्या वेळात एखादी बॅग हरवायला पुरेसा वाव असतो. मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीचं औषध न्या. विमानाने जाणार असाल तर औषधं हातातल्या बॅगेत हवीत, सामानात टाकायची नाहीत.

आणि एक कागद लिहा. डाव्या बाजूला औषधाचं मूळ नाव म्हणजे जेनेरिक नाव, मग मात्रा, वेळ, कशासाठी आणि शेवटी ‘घेतली’ची खूण. ब्रँडचं नाव प्रांताप्रांतात वेगळं असू शकतं, मूळ नाव मात्र कुठल्याही दुकानात कळतं. वरच्या बाजूला ॲलर्जी, जुने आजार, किडनीचा ताजा अहवाल असल्यास क्रिएटिनिनचा आकडा आणि घरच्या डॉक्टरांचा फोन. याची एक प्रत रुग्णाच्या खिशात आणि एक फोटो मोबाइलमध्ये.

काशी विश्वनाथ मंदिरात मोबाइल आणि पिशव्या आत नेऊ देत नाहीत. रांगेत बराच वेळ जाऊ शकतो. म्हणून ग्लुकोजची पुडी आणि डॉक्टरांनी दिली असल्यास जिभेखाली धरायची छातीदुखीची गोळी, चिठ्ठीसह अंगावरच्या खिशात ठेवा आणि तपासणीच्या वेळी आपणहून दाखवा. जिभेखालची गोळी उभ्याने घेऊ नये. रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळतो. आधी बसायचं, मग गोळी.

इन्सुलिन: लाल टोपी, केशरी टोपी

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथली चूक तासाभरात अंगाशी येते.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. बाटलीतलं बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतं आणि त्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. पेनच्या काड्यांमध्ये एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. काही बाटल्याही १०० च्या येतात आणि त्यांची सिरिंज केशरी टोपीची असते. आता समजा आजींना २० युनिट घ्यायची आहेत. पेन बिघडलं, म्हणून कुणीतरी काडीतलं औषध लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं. ती खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. अर्ध्या मिलिलिटरमध्ये, १०० च्या हिशेबाने, ५० युनिट गेली. उलट ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० ची खूण गाठली तर आठच युनिट मिळतात आणि साखर चढत राहते. दोन्ही वेळा टोचणाऱ्याने ‘वीसच घेतली’ असं छातीठोकपणे सांगितलेलं असतं.

म्हणून नवीन बाटली किंवा सिरिंज विकत घेताना दोन्हींवरचा आकडा एकमेकांशी जुळवा. पेनच्या काडीतून सिरिंजने औषध कधीच काढू नका.

- न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. धर्मशाळेच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या खणाला चिकटवून ठेवलेलं इन्सुलिन वाया गेलं असं समजा.
- वापरात असलेलं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. वाराणसीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत थंड पाऊच लागेल. तो नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, पाण्याचा स्पर्श होणार नाही अशा डबीत ठेवा.
- गढूळ दिसणारं मिश्र इन्सुलिन तळहातांमध्ये हलकेच घोळवून घ्या, जोरात हलवू नका. गुठळ्या दिसल्या किंवा नितळ इन्सुलिन गढूळ झालं तर टाकून द्या.

उपास, श्राद्ध आणि उतरलेली साखर

काशीतला सगळ्यात नेहमीचा प्रसंग असा. सकाळी सात वाजता, सवयीप्रमाणे, बाबा ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. पिशाचमोचनला त्रिपिंडी श्राद्ध, म्हणून पोटात काही नाही. गुरुजींकडे आधीची दोन घरं आहेत. साडेअकराला बाबांचे हात थरथरू लागतात, कपाळावर घाम येतो, मंत्र म्हणताना शब्द अडखळतात. सगळ्यांना वाटतं, वडिलांच्या आठवणीने गहिवरले. खरं तर साखर ७० च्या खाली गेलेली असते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या जेवणाशी बांधलेल्या असतात, घड्याळाशी नव्हे. जेवण पुढे गेलं की गोळीही पुढे. हा बदल निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. इन्सुलिनचं गणित वेगळं आहे. टाइप १ मधुमेह असणाऱ्यांनी उपास म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं धोक्याचं. आणि गुरुजींना आदल्या दिवशीच सांगा की यजमान मधुमेही आहेत, पहिली वेळ द्या. सांगितलं तर बहुतेक जण देतात. आपणच सांगायला लाजतो.

साखर उतरल्याची शंका आली, तर:

१. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून द्या. ग्लुकोमीटर शोधण्यात वेळ घालवू नका.
२. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल तर साध्या साखरेचा उपयोग उशिरा होतो, ग्लुकोज पावडरच लागते. मधुमेहाच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत व्होग्लिबोज असतं, पाकीट वाचा.
३. प्रसादाचा पेढा देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते.
४. पंधरा मिनिटांनी तपासा, फरक नसेल तर पुन्हा द्या, मग जेवायला घाला.
५. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर एकदा सावरली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः वय जास्त आणि किडनी कमजोर असेल तर. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तसंच नावेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी (ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी) चालू असेल तर हात थरथरणं, छाती धडधडणं ही लक्षणं दबतात. घाम मात्र येतो. तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

ऊन, जुलाब आणि रक्तदाबाच्या गोळ्या

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधं अंगातलं पाणी कमी झाल्यावर त्रासदायक ठरतात. जुलाब-उलट्यांच्या दिवसात ती तात्पुरती थांबवावी लागू शकतात. कोणती आणि किती वेळ, हे डॉक्टरच सांगतील. म्हणूनच ते आधी विचारायचं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला उपासात किंवा आजारपणात मळमळ, पोटदुखी, धाप सुरू झाली, तर ग्लुकोमीटरवर साखर फार दिसली नाही तरी रुग्णालय गाठा.

जुलाबावर पहिलं औषध म्हणजे जलसंजीवनी. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहा आणि लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सबंध पाकीट विरघळवा. एक लिटरचं पाकीट पेल्यात थोडं-थोडं टाकून पिणं चूक.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी पहाटे अंथरुणातून ताडकन उठू नये. बसावं, पाय हलवावेत, मग उभं राहावं. घाटाच्या पायऱ्या उंच, ओल्या आणि काही ठिकाणी शेवाळलेल्या असतात. तिथे आलेली एक चक्कर खुब्याचं हाड मोडायला पुरते.

औषधाच्या दुकानात

वाराणसीत सप्तसागर ही औषधांची मोठी घाऊक बाजारपेठ आहे आणि गल्लीगल्लीत किरकोळ दुकानं आहेत. औषध मिळणं ही अडचण नाही. ते फार सहज मिळतं, ही आहे.

जुलाब झाले म्हटलं की काउंटरवरून बहुधा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची मिश्र गोळी पुढे येते. बहुतेक साध्या जुलाबांना तिची गरजच नसते. वारफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल घेणाऱ्याच्या पोटात ती गेली, तर रक्त आणखी पातळ होतं. नाकातून, हिरड्यांतून रक्त येणं, लघवी लालसर होणं, काळी शौच ही त्याची चिन्हं. ग्लिमेपिराइडच्या जोडीला ऑफ्लॉक्सासिन गेलं तर साखर उतरू शकते. साठीपुढच्या माणसांत, त्यातून स्टिरॉइड चालू असेल तर, याच गटातल्या औषधांनी टाचेवरचा स्नायुबंध दुखावतो, क्वचित तुटतोही. दिवसभर पायऱ्या चढणाऱ्या यात्रेकरूला टाच दुखली तर ‘चालण्याने दुखतेय’ असंच वाटणार. गोळी सुरू केल्यावर दुखायला लागली का, हे आठवा.

बाकीचं थोडक्यात:

- पाय दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक. रक्तदाबाची ‘प्रिल/सार्टन’ गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना हे तिसरं औषध किडनीला जड जातं. साधं पॅरासिटामॉल विचारा. पण सर्दीच्या मिश्र गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन्ही मिळून किती झालं ते मोजा. निरोगी प्रौढाला दिवसाची कमाल ४ ग्रॅम आहे. वृद्ध, कृश किंवा यकृताचा आजार असलेल्यांना त्याहून कमी.
- जानेवारीच्या धुक्यात सर्दीची गोळी. तिच्यातल्या क्लोरफेनिरामिनने झोप येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. फिनाइलेफ्रिनने रक्तदाब चढतो.
- बिल घ्या. बिलावर बॅच क्रमांक असतो आणि पुढे काही झालं तर तोच लागतो.
- २०२३ च्या ऑगस्टपासून तीनशे प्रमुख ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तो मोबाइलने वाचून नाव, बॅच आणि मुदत जुळते का पाहा.
- काही प्रतिजैविकं आणि झोपेच्या गोळ्या ‘एच १’ या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि दुकानदाराला रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावाची नोंद ठेवावी लागते. चिठ्ठी मागणारा दुकानदार अडवणूक करत नाही, कायदा पाळतो आहे.

भांगेबद्दल लिहायचं की नाही, असा विचार आला होता. पण वाराणसीत भांगेची परवानाधारक दुकानं आहेत, ठंडाईत ती मिळते आणि ‘बाबाचा प्रसाद’ म्हणून एरवी सुपारीही न खाणारे आजोबा पेला रिकामा करतात. पोटातून घेतलेल्या भांगेचा अंमल तास-दोन तासांनी जाणवतो, म्हणून ‘काहीच होत नाही’ म्हणत दुसरा पेला जातो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, फिट्सची किंवा मानसिक आजाराची औषधं, हृदयविकार, पडण्याचा इतिहास, यांपैकी काहीही असेल तर एकही घोट नको. ठंडाई बिनभांगेचीही मिळते.

कशावर नजर ठेवायची

नवीन औषध सुरू केलं, मात्रा बदलली किंवा दोन औषधं प्रथमच एकत्र आली, तर पुढचे काही दिवस रोज ठरावीक वेळी पाच गोष्टी पाहा: शुद्ध आणि बोलणं, त्वचा, लघवी-शौच, सूज, तोल. वहीत तारीख, वेळ आणि औषधाचं नाव लिहा. ‘काल बरं नव्हतं’ या वाक्याचा डॉक्टरांना उपयोग नसतो. ‘रात्री नऊला गोळी, दहाला ओठ सुजले’ याचा होतो.

ताबडतोब रुग्णालय गाठायला हवं ती लक्षणं:

- ओठ, जीभ, चेहरा सुजणं, अंगभर गांध्या, श्वास अडकणं, भोवळ. इंजेक्शन किंवा गोळीनंतर काही मिनिटांपासून दोनेक तासांत.
- तापाबरोबर त्वचा सोलणं, तोंडात फोड, डोळे लाल. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, ॲलोप्युरिनॉल आणि सल्फा औषधं सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत हे जास्त घडतं. संशय येताच पुढचा डोस देऊ नका.
- काळी किंवा रक्ताची शौच, न थांबणारं रक्त, डोक्याला मार. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मार किरकोळ असला तरी.
- केमोथेरपीनंतर १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका.
- एका पायालाच सूज आणि दुखणं, त्यात धाप. (दोन्ही पावलं सारखी सुजली तर ॲम्लोडिपिनचा परिणाम असू शकतो. तो डॉक्टरांना सांगा, पण गोळी मनाने बंद करू नका.)

जुन्या काशीच्या गल्ल्यांत रुग्णवाहिका शिरत नाही. मुक्कामाच्या ठिकाणाहून मोठा रस्ता कुठून जवळ पडतो, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. घाटांच्या बाजूने कबीरचौऱ्याचं शिवप्रसाद गुप्त मंडलीय रुग्णालय जवळ. लंका-अस्सीकडे असाल तर बनारस हिंदू विश्वविद्यालयाचं सर सुंदरलाल रुग्णालय.

रुग्णालयात: सिस्टरशी भांडू नका, विचारा

जगभर परिचारिकांना शिकवलेली पाच योग्यांची तपासणी असते: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. भरलेल्या वॉर्डात, एका पाळीत अनेक खाटा सांभाळताना एखादी पायरी निसटते. तिथे खाटेशेजारी बसलेला नातेवाईक फार उपयोगी पडतो, पण विचारण्याची रीत हवी. ‘सिस्टरजी, यह कौन-सी दवा है? इन्हें पेनिसिलिन से एलर्जी है’ एवढं शांतपणे विचारलं की झालं. प्रत्येक वेळी रुग्णाचं पूर्ण नाव आपणहून सांगा. शेजारच्या खाटेवरही पाटील असू शकतात.

तुम्ही काय करायचं नाही, तेही सांगायला हवं. सलाइनची चकती फिरवून वेग वाढवू नका. घरच्या गोळ्या उशाखालून गुपचूप देऊ नका. त्या सिस्टरला दाखवा आणि तक्त्यावर नोंदवून घ्या, नाहीतर रक्तदाबाची गोळी वॉर्डातूनही मिळते आणि तुमच्याकडूनही. इन्सुलिन आणि पोटॅशियम ही दोन नावं ऐकलीत तर मात्रा पुन्हा एकदा मोठ्याने विचारा. चांगल्या परिचारिका ही औषधं दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घेतात आणि तुमच्या विचारण्याचा त्यांना राग येत नाही.

केमोथेरपीसाठी पूर्वी पूर्वांचलातली माणसं परळला टाटा रुग्णालयात येत. आता टाटा स्मारक केंद्राचीच दोन रुग्णालयं वाराणसीत आहेत: लहरतारा भागातलं होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातलं महामना मदनमोहन मालवीय यांच्या नावाचं केंद्र. दोन्हींचं उद्घाटन २०१९ मध्ये झालं. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या रुग्णांनी केमोच्या चक्राची तारीख, ताप आल्यास कुठे फोन करायचा तो क्रमांक आणि घरी घ्यायच्या गोळ्यांचे दिवस हे घरी जाण्याआधी लिहून घ्यावेत. कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्या काही दिवस घ्यायच्या आणि काही दिवस थांबवायच्या असतात. तळहात-तळपाय लाल होऊन सोलणं आणि जुलाब हे कॅपेसिटाबिनचे नेहमीचे त्रास. ते सहन करत राहू नका, मात्रा बदलता येते.

तुमचे हक्क

- रुग्णाची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. औषधांच्या तक्त्याची प्रत नावानिशी मागा.
- केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये रुग्णहक्कांची सनद राज्यांकडे पाठवली. तिच्यानुसार औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं हे रुग्ण ठरवू शकतो आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घेऊ शकतो.
- पैसे देऊन घेतलेल्या उपचारांत हलगर्जी झाली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते. घटना वाराणसीतली असली तरी पुण्याचा माणूस पुण्यात दाद मागू शकतो. मुदत दोन वर्षांची.

प्रत्येक दुष्परिणाम म्हणजे हलगर्जी नव्हे, हेही तितकंच खरं. योग्य औषध योग्य मात्रेत दिलं तरी काहींना त्रास होतो. त्यासाठी तक्रार करायची नसते. नोंद करायची असते, आणि ती वेगळ्या ठिकाणी.

दुष्परिणाम कळवायचा कुठे

भारतीय औषध-सतर्कता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. पुढच्या वर्षापासून तो गाझियाबादच्या भारतीय भेषजसंहिता आयोगाकडे आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते आणि स्वतः रुग्ण किंवा नातेवाईक, कुणीही तिथे नोंद करू शकतो. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही उपलब्ध आहे. निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाच. वाराणसीत बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय संस्थेतल्या औषधशास्त्र विभागात आणि मुंबईत केईएममध्ये अशी नोंद घेणारी केंद्रं आहेत.

नोंदीला चार गोष्टी पुरतात: रुग्णाची आद्याक्षरं व वय, संशयित औषध, झालेला त्रास आणि कळवणाऱ्याचं नाव. औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही, संशय पुरेसा आहे. नाव गुप्त राहतं आणि नोंदीमुळे डॉक्टरवर किंवा तुमच्यावर खटला होत नाही. देशभरच्या या नोंदी पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक साठ्यात जातात आणि त्यांच्या आधारे औषधांच्या पाकिटावरच्या इशाऱ्यांत बदल केले जातात.

काशीहून परतल्यावर गंगाजलाच्या तांब्यांबरोबर ती वहीही बॅगेतून काढा. पुरळ, सूज, चक्कर, रक्तस्राव असं काही तिच्यात लिहिलेलं असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि वरच्या क्रमांकावर कळवून टाका. त्रास ओसरला असेल तरीही कळवा.